चांदरातीनंतरचा रमजान

2025 साली 30 मार्चला गुढीपाडवा आला. दिवस कलला तशा लातुरातल्या गुढ्या उतरू लागल्या आणि त्याच घटकेला आमच्याकडची माणसं गच्चीवर चढून मावळतीला डोळे लावून उभी राहिली. त्या संध्याकाळी शव्वालचा चाँद दिसला. एकोणतीस रोज्यांवर रमजान पुरा झाला, दुसऱ्या दिवशी सोमवारी ईद. पाडवा आणि चांदरात एकाच संध्याकाळी येणं रोजचं नसलं तरी नवलाचंही नाही. दोन्हीकडचे महिने चंद्रावरच चालतात. मराठी पंचांग साधारण तीन वर्षांतून एकदा अधिक महिना घालून चंद्राला ऋतूंशी जुळवून घेतं. हिजरी सन तसं करत नाही, तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. म्हणून आमचा रमजान कधी वैशाखाच्या उन्हात येतो, कधी पौषाच्या थंडीत, आणि तेहेतीसेक वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो.

चाँद दिसला की तासाभरात सगळं पालटतं. महिनाभर इशानंतर चाललेली तरावीह त्या रात्री नसते. एतकाफला बसलेली माणसं मशिदीतून उठून घरी येतात. गंजगोलाईला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. दूध, खारीक, चारोळी, शेवया, मेंदी, बांगड्या. दुसऱ्या दिवशी नमाज, गळाभेटी, शिरखुर्मा. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अजान होते तेव्हा महिनाभर तीन वाजता उठणारं घर गाढ झोपलेलं असतं.

ईदनं रमजान संपतो का, की ईद हा रमजानचाच एक भाग आहे, यावरून माझं आणि माझ्या नांदेडच्या खालाचं नेहमी बोलणं होतं. या वेळी बासी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, मी अहमदपूर, लोहा करत नांदेडला गेले आणि दुपारभर आम्ही तेच बोलत बसलो. खाला देगलूर नाक्याच्या बाजूला राहते. उर्दू शाळेतून निवृत्त झाली. आता दुपारी गल्लीतल्या मुलींना कुराण शिकवते. मी लातुरात डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींना जीवशास्त्र शिकवते. बोलणं घरच्या दखनीत झालं, इथं मराठीत लिहिलं आहे.

खाला : आज फजरच्या वेळी मी खिडकीत बसले होते. गल्लीतून तीन म्हातारे गेले आणि एक रिक्षावाला. गेल्या आठवड्यात ह्याच वेळी चपलांच्या आवाजानं जाग यायची. पोरं सहरी करून पळत मशिदीकडं जायची, जागा मिळावी म्हणून. कुठं गेली ती सगळी?

मी : काल ईद होती, खाला. रात्री उशिरापर्यंत पाहुणे होते घराघरात. आज झोपली असतील.

खाला : आज झोपली याचं मला काही नाही. मागच्या वर्षीचं सांगते, बकरीद आली तरी झोपलेलीच होती. नमाज रमजानात फर्ज होती तेवढीच शव्वालमध्ये फर्ज आहे. रोजे महिन्याचे आहेत, नमाज बाराही महिन्यांची. हे ज्याला कळलं नाही त्यानं महिनाभर उपाशी राहून काय मिळवलं?

मी : महिनाभर आली हे तर मिळवलं ना. एरवी जुम्म्यापुरती येणारी पोरं एकोणतीस रात्री तरावीहला उभी राहिली. त्यांच्या पायांना ती वाट ओळखीची झाली.

खाला : एकोणतीस रात्री कुठल्या? आता शहरात दहा दिवसांची तरावीह निघाली आहे. दहा दिवसांत कुराण पुरं ऐकायचं आणि उरलेले वीस दिवस दुकान. कुराण पुरं ऐकणं वेगळं आणि रमजानभर तरावीह पढणं वेगळं, दोन्ही सुन्नत आहेत, हे आमच्या वेळच्या पोरासोरांनाही माहीत होतं. आणि चांदरातीचं तर बोलूच नकोस. आमचे बुजुर्ग त्या रात्रीला इनामाची रात्र म्हणायचे. महिनाभर मजुरी केली, त्या रात्री मजुरी हातात पडायची. नेमका त्याच वेळी मजूर बाजारात.

मी : बाजारात मजूरच असतात, खाला, दोन्ही बाजूंना. गोलाईतला मणियार, रात्रभर मशीन चालवणारा शिंपी, अत्तराची हातगाडी लावणारा पोरगा. यांचं वर्षाचं भाडं, मुलांची फी त्या आठ-दहा रात्रींत निघते. शिंप्यानं शेवटच्या दहा दिवसांत तरावीह सोडली तर ती हौसेनं सोडलेली नसते. तुमच्या-माझ्या अंगावरचे ईदचे कपडे त्यानंच शिवलेले असतात.

खाला काही बोलली नाही. तिच्या मोठ्या बहिणीचा, म्हणजे माझ्या आईचा, संसार शिलाईच्या मशीनवर उभा राहिला, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे. मीही तो मुद्दा पुढं रेटला नाही, कारण तिचं खरं दुखणं शिंपी नव्हता. महिनाभर कमावलेलं एका रात्रीत उधळलं जातं, हे ते दुखणं होतं. ते मलाही दिसतं. माझं म्हणणं इतकंच होतं की ते उधळणाऱ्या हाताला ईद म्हणू नये.

मी : मला सांगा, रोज्यांचा हुकूम ज्या आयतांत आला, सूरह बकरामध्ये, तिथंच पुढं काय आहे? दिवसांची गिनती पुरी करा, आणि अल्लानं वाट दाखवली म्हणून त्याची थोरवी गा, शुक्र करा. ईदगाहच्या वाटेवर आपण तकबीर म्हणत जातो ती तिथूनच आली. म्हणजे ईद कुणी मागाहून जोडलेली नाही. रोजा ज्या हुकमानं धरला, त्याच हुकमाच्या शेवटाला ईद आहे. काल रोजा धरला असता तर ते हरामच होतं ना?

खाला : हरामच. ईदच्या दिवशी रोजा नाही. ते मी दर वर्षी मुलींना शिकवते. परवा दिवसा पाण्याचा घोट घेतला तर गुन्हा, काल उपाशी राहिलं तर गुन्हा. बंदगी त्यालाच म्हणतात. आपल्या मनानं भूक धरायची नाही, आपल्या मनानं सोडायची नाही.

मी : मग काल जो शिरखुर्मा प्यायलो तीही बंदगीच झाली.

खाला : नियत असली तर झाली. पण नियत कुणाची असते गं? शिरखुर्म्याच्या चौथ्या वाटीला कसली नियत?

मी : हजरत आयशांच्या घरात ईदच्या दिवशी दोन मुली गात होत्या, तेव्हा हजरत अबू बक्र रागावले. हुजूर, म्हणजे पैगंबरसाहेब, म्हणाले, असू द्या, प्रत्येक कौमची ईद असते, आज आपली आहे. हबशी लोक मशिदीत भाल्यांचा खेळ करत होते, तो हजरत आयशांनी हुजूरांच्या खांद्याआडून मन भरेपर्यंत पाहिला. हे हदीसमध्ये तुम्हीच मला लहानपणी वाचून दाखवलं.

खाला : दाखवलं, आणि आजही दाखवीन. पण त्या मुली गाऊन झाल्यावर जोहर बुडवून झोपल्या नाहीत. तुला तेवढीच हदीस आठवते. त्याच दिवसाच्या बाकीच्या सुन्नती बघ. आंघोळ करा, असेल त्यातला चांगला कपडा घाला, निघण्याआधी खजूर खा, एक, तीन, पाच अशा विषम संख्येत. एका वाटेनं जा, दुसऱ्या वाटेनं या. आणि या सगळ्यांच्या आधी फितरा. नमाजला उभं राहण्याआधी गरिबाच्या घरी फितरा पोचला पाहिजे. ईदच्या पहाटे फजरआधी जन्मलेल्या लेकराचासुद्धा बापाला द्यावा लागतो. खुशीलाही क्रम आहे. आधी त्याच्या घरी चूल पेटवायची, मग आपल्या तोंडात गोड.

मी : मी तरी दुसरं काय म्हणते? ज्यानं हा क्रम पाळला त्याचा रमजान ईदच्या दिवशी सुटला नाही.

खाला : पाळतो कोण, ते बोल. फितऱ्याचा हिशेब गव्हावर करता येतो, खजुरावर करता येतो. गहू माणशी पावणेदोन किलोच्या आसपास, खजूर त्याच्या दुप्पट. ज्याला गहूच परवडतो त्यानं गहू द्यावा, म्हणून ही सोय. आता काय झालंय, ज्याच्या घरात चार हजारांचा सूट शिवला जातो तोही गव्हाच्याच हिशेबानं फितरा काढतो. महिनाभर इफ्तारला अजवा खाल्ली, आणि गरिबाला देताना गहू. एकादशी अन् दुप्पट खाशी असं तुमच्याकडच्या शेजारणी म्हणतात ना, तसं झालं आपलं.

या जागी मी खालाच्या बाजूची आहे. नांदेड-लातूरकडच्या आमच्या सुस्थितीतल्या घरांत इफ्तारचं ताट गेल्या पंधरा-वीस वर्षांत फुगत गेलं. हैदराबादच्या हलीमनं मराठवाड्यात मूळ धरलं. त्याचं मला वाईट वाटत नाही, हा मुलूख 1948 पर्यंत निजामाकडंच होता, जिभेचं नातं जुनं आहे. पण फितऱ्याचा हिशेब मात्र आजोबांच्या वेळच्या गरिबीत होता तसाच राहिला. घरातलं सगळं वाढलं, द्यायचं तेवढं वाढलं नाही. मशिदीत कोण आलं नाही याची चर्चा आम्ही ईदनंतर महिनाभर करतो. फितरा कोणत्या हिशेबानं निघाला याची एक दिवससुद्धा करत नाही. रमजान टिकला की नाही हे मोजायचंच असेल तर मी आधी तिथं मोजीन.

खालाचा मोजायचा गज निराळा आहे.

खाला : तुझे खालू उस्मानशाही मिलमध्ये कताई खात्यात होते. त्यांना एक आयत फार लागून राहायची. सूरह नहलमधली. सूत कातून पक्कं केल्यावर स्वतःच्या हातानं पुन्हा उसवून टाकणाऱ्या बाईसारखे होऊ नका. ते म्हणायचे, रात्रपाळीत तुटलेला धागा जोडता जोडता बोटं सोलतात, तेव्हा या आयतीचं वजन कळतं. ईदनंतर मशीद ओस पडलेली बघितली की मला ते आठवतात.

मी : ती आयत करारांबद्दल आहे, खाला. शपथ घेऊन मोडणाऱ्यांबद्दल.

खाला : आणि रोज पहाटे नियत केलीस तो करार नव्हता?

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मात्र धागा कशानं उसवतो याबद्दल आम्हा दोघींचं एकमत झालं नाही, आणि त्या दुपारी आम्ही दोघी आपोआप 2020 च्या रमजानकडं वळलो.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी रोजे लागले तेव्हा करोनाची टाळेबंदी होती. मशिदी बंद. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली ती थेट 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. म्हणजे त्या रमजानात ना मशिदीतली तरावीह होती, ना अलविदा जुमा, ना 25 मेच्या ईदला ईदगाह. बाजारही नव्हता. कपडे शिवले नाहीत, कुणी कुणाच्या घरी गेलं नाही. नवे कपडे नकोत, तो पैसा ज्यांचा रोजगार बुडाला त्यांना द्या, असं त्या वेळी गावोगाव सांगितलं गेलं आणि लोकांनी ते ऐकलं. खाला आयुष्यभर जी ईद मागत होती, बाजाराशिवायची, तशी ईद तिला त्या वर्षी मिळाली.

खाला : मिळाली खरी. मी आणि तुझे खालू दोघंच होतो. मुलगा पुण्यात अडकलेला. सकाळी आंघोळ केली, खजूर खाल्ला, घरातच चाश्तची नमाज पढली. मग शिरखुर्मा केला. सवयीनं पातेलंभर झाला. द्यायचा कुणाला? शेजारी डबा पाठवायची भीती, ते घेतील का ही भीती. तुझे खालू दाराशी जाऊन उभे राहायचे आणि परत येऊन बसायचे. शेवटी रडले. मी त्यांना म्हटलं, ईदच्या दिवशी रडतात का? म्हणाले, महिनाभर भूक सोसली तिचं काही वाटलं नाही, गळ्यात पडायला माणूस नाही हे सोसवत नाही.

मी : तुम्हाला काय वाटलं?

खाला : मला वाटलं, रोजा एकट्यानं धरता येतो. ईद एकट्यानं होत नाही. त्या दिवसापासून मी पोरांच्या कपड्यांवरून बोलणं कमी केलं. तुझ्या लक्षात आलं नसेल.

मी : आमच्या घरी उलटं झालं. त्या वर्षी अब्बांनी बैठकीच्या खोलीत तरावीह पढवली. अब्बा हाफिज नाहीत, कुराणातल्या शेवटच्या छोट्या सूरहच येतात त्यांना. मागं भाऊ, त्याच्या मागं अम्मी, भाभी आणि मी. तोवर तरावीह म्हणजे पुरुष मशिदीला जायचे आणि आम्ही स्वयंपाकघर आवरून जमेल तशी एकेकटी पढायचो. अम्मीनं साठीत पहिल्यांदा आपल्या घरात जमातीबरोबर पुरी तरावीह पढली. पुढच्या वर्षांत मशिदी उघडल्या आणि ती सफ उठली. तेव्हा मी अब्बांना म्हटलं, यातलं काहीतरी ठेवा. तर मगरिबनंतर दहा मिनिटं सगळ्यांनी बसून एक रुकू वाचायचा, तर्जुम्यासकट, असं ठरलं. ते ईदनंतरही चालतं. कधी बुडतं, पुन्हा सुरू होतं. धागा तुटला की जोडतात, खालू जोडायचे तसाच.

खाला : दहा मिनिटं.

मी : दहाच. अल्लाला आवडतं ते अमल जे कायम होतं, मग थोडं का असेना. ही हदीसही तुमचीच.

खाला : ही हदीस आळशांच्या फार कामाला येते.

मी : आणि रमजानात तीस दिवस पहाड उचलून ईदला खाली टाकणाऱ्यांच्या कामाला कोणती येते? तुमच्या गल्लीतल्या पोरांना आपण महिनाभर काय सांगतो, तरावीह, तहज्जुद, कुराण, दुआ, सगळं एकदम. शव्वाल लागला की कुणी सांगत नाही, यातलं नेमकं काय धरून ठेवायचं. मग ते सगळंच सोडतात. त्याच्याऐवजी खुत्ब्यात एवढंच सांगा, बाळांनो, बाकीचं पुढं बघू, इशा आणि फजर सोडू नका.

खाला थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली की हे ती इमामसाहेबांच्या घरी सांगून पाठवील. त्यावरून मला धीर आला आणि जे बोलायचं मी वर्षानुवर्षं टाळत होते ते बोलले.

मी : मशिदीची सफ मोजताना आपण अर्धी कौम मोजतच नाही. बाईचा रमजान चांदरातीला संपत नाही, खाला. दर महिन्याचे दिवस येतात, तेवढे रोजे सुटतात, ते नंतर भरायचे असतात. जी बाळंतीण आहे, जी अंगावर पाजते, तिचे तर महिन्याचे महिने राहतात. रमजानात त्या दिवसांत ती रोजा नसतानाही तीन वाजता उठून सगळ्यांची सहरी करते, दिवसभर दाराआड घोटभर पाणी पिते, कुणाला दिसू नये म्हणून, आणि संध्याकाळी भजी तळायला उभी राहते. ईदला पाहुण्यांचं करून झालं की शव्वालमध्ये ती कजा भरायला लागते. तेव्हा ना सहरीला उठवणारा, ना दस्तरखान, ना कापलेली फळं. मगरिबची अजान झाली की गॅसपाशी उभ्या उभ्या पाण्यानं रोजा सोडते आणि पोळ्या लाटते. घरातल्या माणसांना पत्ताही नसतो. शव्वालमध्ये मशीद रिकामी दिसते तेव्हा रमजान त्या स्वयंपाकघरांत चालू असतो.

खाला : कजा म्हणजे कर्ज. कर्ज फेडलं म्हणून कुणाची तारीफ करायची नसते.

मी : तारीफ नको. पण ज्या कर्जाला साक्षीदार नाही, वसुलीला कुणी येत नाही, ते ती एकटी फेडते. रमजाननंतर कसं राहायचं हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं आपल्या घरातल्या बाईकडं बघावं, इतकंच म्हणते.

खाला : हजरत आयशा स्वतः म्हणायच्या की रमजानची कजा त्यांना शाबानपर्यंत भरता यायची नाही. शाबान म्हणजे पुढच्या रमजानच्या उंबऱ्यावर. हे मी तीस वर्षं शिकवलं, मसला म्हणून. तू सांगतेस तसा विचार मी केला नव्हता. पण एक सांगू, पुरुषांना हे कळायचं तर बायकांनी लपवणं थांबवलं पाहिजे. मी आयुष्यभर लपवलं. माझ्या आईनं तर माझ्यापासूनही लपवलं.

मग आम्ही सहा रोज्यांवर आलो. शव्वालचे सहा रोजे फर्ज नाहीत. ज्यानं रमजानला जोडून ते धरले त्यानं जणू जन्मभर रोजे धरले, अशी हदीस आहे. सलग धरा की महिनाभरात विखरून, मुभा आहे. खाला ते दर वर्षी धरते आणि आजूबाजूच्यांनी धरावेत असा तिचा आग्रह असतो. तिच्या गल्लीत त्यावरून बायकांत कुजबुज होते, कुणी धरले, कुणी नाही.

मी : इमाम मालिकांनी मुवत्तामध्ये लिहून ठेवलं आहे की मदिन्यातल्या जाणत्यांना हे रोजे धरताना त्यांनी पाहिलं नाही, आणि त्या लोकांना भीती वाटायची की अडाणी माणसं ते रमजानलाच चिकटवून फर्ज करून टाकतील. एवढ्या मोठ्या इमामांना ही काळजी होती. गल्लीत कोण सहा धरतं याची मोजणी सुरू झाली की काळजी खरी ठरते.

खाला : आपल्याकडच्या उलेमांनी त्यांना मुस्तहबच, म्हणजे केलेले चांगलेच, म्हटलं आहे. आणि मी कुणावर लादत नाही.

मी : लादत नाही, पण विचारता.

खाला : विचारते. विचारल्याशिवाय कोण करतं? बघ, रमजानात अख्खी गल्ली उपाशी असते, तेव्हा भूक सोपी असते. आता एप्रिल लागला. नांदेडचा पारा चाळिशीपार जाईल. शेजारी ऊस पिळून घेतोय, रसवंतीची घंटा वाजते आहे, आणि तुझ्या एकटीचा रोजा आहे. त्या सहा दिवसांत माणसाला स्वतःचं मोल कळतं. तू म्हणतेस थोडं आणि कायम. मी म्हणते, थोडं हे इतकं थोडं नको की ते कधी टोचलंच नाही.

हे तिचं म्हणणं मला पटलं, आणि त्याचं कारण लातूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला पहिली गाडी आली, दहा टाक्यांत पाच लाख लिटर. जूनमध्ये रोजे लागले तेव्हाही पाण्याची गाडी येतच होती. त्या रमजानात आमच्या घरी वजूला प्रत्येकाला एक तांब्या मिळे. हुजूर एका मुद्द पाण्यात वजू करत, म्हणजे लिटरच्या आतबाहेर, हे आम्ही नुसतं ऐकून होतो. ते त्या महिन्यात हातांना कळलं. पाऊस झाला, धरण भरलं, नळ आले, आणि वर्षभरात बहुतेक घरांत तोटी पुन्हा मोकळी सुटली. आमच्या मोरीत तो तांब्या राहिला. मी खालाला म्हटलं, लहान गोष्ट होती म्हणून टिकली. ती म्हणाली, तहान लागली होती म्हणून टिकली. माझ्या मते यात तिचं जास्त खरं आहे. जे नुसतं ऐकलं ते ईदबरोबर जातं. जे अंगानं सोसलं त्यातलं काही राहतं.

लातुरात माझ्यासमोर बसणाऱ्या मुलामुलींत हे मी दर वर्षी बघते. 2025 चा रमजान बारावीच्या परीक्षेत सुरू झाला. रोजा ठेवून पेपर लिहिणारी मुलं होती, आणि डॉक्टरनं मना केलं म्हणून न ठेवणारीही होती. कुणी कुणाला नावं ठेवू नयेत एवढं मी बघितलं. आता 4 मेची प्रवेश परीक्षा महिन्यावर होती. वसतिगृहातल्या एका मुलीनं मला विचारलं की सहरीची वेळ अशीच चालू ठेवू का. महिनाभर पहाटे उठून अंग सरावलं आहे, ती वेळ शांत असते. मी म्हटलं, ठेव, आणि पुस्तक उघडण्याआधी दोन रकात पढ. हे खालाला सांगितलं तेव्हा तिला ते आवडलं नाही.

खाला : परीक्षेसाठी उठायचं आणि जाता जाता अल्लाला सलाम करायचा. नियत परीक्षेची झाली.

मी : आधी उठू द्या तिला. उठल्यावर नियत बदलायला जागा आहे. झोपलेल्या माणसाची नियत कुठून बदलणार? आणि डॉक्टर होऊन गावातल्या माणसांना तपासणं हा दुनियेचाच धंदा आहे असंही मला वाटत नाही.

खाला : तुझ्यापाशी सगळ्याला वाट असते. परीक्षा झाल्यावर जूनमध्ये ती उठते का, ते मला कळव.

मी : कळवीन. नाही उठली तरी कळवीन.

चार वाजत आले होते. शिकायला येणाऱ्या मुलींनी दारात चपला काढल्या. खाला उठली, पण तिच्या मनातून फितरा गेला नव्हता. ओढणी सारखी करता करता म्हणाली की मुलाला सांगून पुढच्या वर्षी आपल्या घरचा फितरा खजुराच्या हिशेबानं काढायचा.

मी : पुढच्या वर्षाची वाट कशाला बघायची? या वर्षी गव्हाचा दिला तुम्ही. मधला फरक आजच काढा.

खाला : आता तो फितरा होत नाही. ईदच्या नमाजआधी दिला तर फितरा. नंतर दिलं ते साधं सदका.

मी : सदका तर सदका. लातूरला गेल्यावर मी आमच्या घरचाही काढायला लावते. तुमच्या गल्लीत कोण आहे?

खाला : मागच्या बाजूला एक आहे. चार घरची भांडी करते, नवरा अंथरुणाला खिळलेला. रमजानभर तिच्या घरी कुणी ना कुणी पोचवत होतं. काल ईदपर्यंत पोचवलं.

मी : मग आज गहू आणि थोडा खजूर पाठवू?

खाला : गहू नको. रेशनचा गहू तिच्या घरी पडलेला असतो. तिचा सिलिंडर संपलाय, तो भरून दे.